धुक्यातली वंशावळ

आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रसंग वर्षातून दोन-चार वेळा तरी घडतोच. गर्दी ओसरेपर्यंत एक तिशीतला माणूस दाराशी रेंगाळत राहतो. शेवटी आत येतो आणि खिशातून रक्तगटाचे तीन कागद काढून टेबलावर ठेवतो. त्याचा स्वतःचा गट ए, बायकोचा बी आणि बाळाचा ओ. विचारायचं ते तो तोंडाने विचारत नाही, पण चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं. मग मी केसपेपरच्या मागच्या बाजूला चार चौकटी काढतो. ए गटाच्या माणसात ओ गटाचं जनुक लपून बसलेलं असू शकतं. बी गटाच्या बाईतही तसंच. दोघांकडून बाळाला नेमकं ते लपलेलं जनुक मिळालं, तर बाळ ओ गटाचं होतं. यात वावगं काही नाही. तो मान डोलावतो, कागद घडी करून खिशात ठेवतो. बायको बहुतेक वेळा बाहेर बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसलेली असते.

आई कोण हे डोळ्यांना दिसतं, बाप कोण हे मानून घ्यावं लागतं. माणसाने या अडचणीभोवती लग्न, कूळ, वारसा, कायदा असं बरंच काही उभारलं. रानातल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र असा आधार नव्हता. गोरिलाच्या पिल्लाची आई कळायची, कारण ते तिच्या छातीला चिकटलेलं असायचं. बाप म्हणजे अंदाज. हा अंदाज तपासता आला तो विष्ठेच्या नमुन्यांवरून, आणि तेही एका बाईने धुक्यात आणि चिखलात बसून सुरू केलेल्या नोंदी हाताशी होत्या म्हणून. ते उत्तर पाहायला ती स्वतः राहिली नाही. तिचं नाव डायॅन फॉसी.

तिचा जन्म १६ जानेवारी १९३२ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला झाला. ती सहा वर्षांची असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला. आईने दुसरं लग्न केलं आणि वडिलांशी तिचा संबंध जवळजवळ तुटला. सावत्र वडील सुखवस्तू होते, पण त्यांनी तिला कधी आपली मुलगी मानलं नाही. रात्रीच्या जेवणाला ते आणि आई मेजावर बसत आणि ही पोर बराच काळ स्वयंपाकघरात मोलकरणीसोबत जेवत असे, असं तिच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवलं आहे. माणसांच्या घरात न मिळालेली जवळीक तिने प्राण्यांमध्ये शोधली. लहान वयात ती घोड्यावर बसायला शिकली आणि ती आवड पुढेही टिकली.

तिला पशुवैद्य व्हायचं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत तिने प्रवेशही घेतला, पण रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र या विषयांत ती नापास झाली. मग सॅन होझे स्टेट कॉलेजमधून १९५४ मध्ये तिने ऑक्युपेशनल थेरपीची पदवी घेतली. आजारपणाने किंवा अपंगत्वाने हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाला रोजची कामं पुन्हा करता यावीत, यासाठीची ही उपचारपद्धती. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही हा विभाग असतो, बहुधा तळमजल्यावरच्या एखाद्या कोपऱ्यात, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं.

डायॅनने केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमध्ये अपंग मुलांच्या रुग्णालयात नोकरी धरली आणि तिथल्या ऑक्युपेशनल थेरपी विभागाची ती प्रमुख झाली. ते दिवस पोलिओचे होते. कित्येक मुलं अबोल, घाबरलेली, परक्याने हात लावला तर अंग चोरणारी. अशा मुलाजवळ घाईने जाऊन चालत नाही. त्याच्या बाजूला बसायचं, त्याच्याकडे थेट न बघता आपलं काही काम करत राहायचं आणि त्याला वाटेल तेव्हा त्याने जवळ यायची वाट पाहायची. प्राणिशास्त्राची पदवी नसलेल्या या बाईला पुढे गोरिला कसे वश झाले, याचं पुष्कळांना नवल वाटतं. मला वाटत नाही. त्याचं शिक्षण तिला या रुग्णालयात मिळालं होतं.

१९६३ मध्ये साठवलेले पैसे आणि वर कर्ज काढून ती सात आठवड्यांसाठी आफ्रिकेला गेली. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत लुई लीकी प्राचीन मानवाचे अवशेष उकरत होते. तिथे उत्खननाच्या जागी ती घसरून पडली आणि तिचा घोटा चांगलाच दुखावला. तशीच लंगडत पुढे ती काँगोतल्या विरुंगा पर्वतावर चढली आणि तिने पहिल्यांदा पर्वतीय गोरिला पाहिले. परत येऊन पुन्हा मुलांच्या रुग्णालयात रुजू झाली. मन मात्र तिकडेच राहिलं होतं.

तीन वर्षांनी लीकी व्याख्यानासाठी लुईव्हिलला आले. जेन गुडाल यांना चिंपांझींच्या अभ्यासाला त्यांनीच पाठवलं होतं. आता गोरिलांसाठी त्यांना माणूस हवा होता. पदवीपेक्षा चिकाटी महत्त्वाची, असं त्यांचं मत. डायॅन तयार झाली. रानात शल्यचिकित्सक मिळणार नाही, तेव्हा अपेंडिक्स आधीच काढून घे, असं त्यांनी सुचवलं. तिने खरोखरच चांगलं, निरोगी अपेंडिक्स काढून घेतलं. त्यानंतर लीकींचं पत्र आलं, की तशी काही गरज नव्हती, फक्त तिचा निश्चय पाहायचा होता. डॉक्टर म्हणून सांगतो, अशी परीक्षा कुणी कुणाची घेऊ नये.

१९६७ च्या सुरुवातीला काँगोतल्या काबारा इथे तिने तंबू ठोकला. सहा महिन्यांत काँगोमध्ये यादवी भडकली, सैनिकांनी तिला डोंगरावरून खाली आणलं आणि ती कशीबशी युगांडात निसटली. दुसरा कुणी घरी परतला असता. ती त्याच पर्वतरांगेच्या रवांडातल्या बाजूने पुन्हा वर चढली. २४ सप्टेंबर १९६७ रोजी कारिसिंबी आणि विसोके या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खिंडीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर, तिने तळ उभारला. दोन्ही डोंगरांच्या नावांचे तुकडे जोडून त्याला नाव दिलं कारिसोके.

तिथे थंडी, पाऊस, गुडघाभर चिखल आणि अंगाला झोंबणारी आग्या झुडपं. गोरिला माणसाला पाहताच पळायचे, कारण माणूस म्हणजे शिकारी हाच त्यांचा अनुभव. डायॅनने रुग्णालयातलाच धडा वापरला. ती त्यांच्यापासून अंतर राखून बसे, जमिनीवर हात टेकून चाले, रानटी भाजीचे देठ चघळे, अंग खाजवे, त्यांच्यासारखा समाधानाचा हुंकार काढे. कितीतरी महिने असेच गेले. अखेर १९७० मध्ये पीनट्स नावाच्या एका तरुण नराने हात पुढे करून तिच्या बोटांना स्पर्श केला. जंगली गोरिलाने माणसाला आपणहून केलेला हा स्पर्श जगभर गाजला.

आजच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचं आहे ते तिचं कमी गाजलेलं काम. प्रत्येक गोरिलाच्या नाकपुड्यांचा आकार आणि वरच्या सुरकुत्या वेगळ्या असतात. तिच्या आधी अभ्यास केलेल्या जॉर्ज शेलर यांनाही हे लक्षात आलं होतं. डायॅनने प्रत्येकाच्या नाकाची रेखाटनं काढून त्यांची नोंद ठेवली. ही एका परीने त्यांची आधार कार्डंच. प्रत्येकाला नाव मिळालं. कळपांना क्रमांक मिळाले. कोणती मादी कधी व्याली, पिल्लू नर की मादी, कोणती मादी कोणत्या कळपातून कुठे गेली, कोण कधी मेलं, हे ती रोजच्या रोज टिपत गेली. गोरिला दर संध्याकाळी पाल्याचं नवं अंथरूण करतात आणि बहुधा त्यातच लीद टाकतात. सकाळी त्या अंथरुणांची संख्या आणि लीदेचा आकार पाहून कळपात किती मोठे, किती लहान हे ठरवता येतं. म्हणजे डोंगरावर विष्ठा तपासणं चालू होतं, पण अजून फक्त डोळ्यांनी.

या नोंदींतून तिने वंशावळी तयार केल्या. आईची बाजू पक्की असे. बापाच्या बाजूला अंदाज. कळपावर बहुधा एका प्रौढ नराची सत्ता असते. वय झाल्यावर त्याच्या पाठीवरचे केस रुपेरी होतात, म्हणून त्याला सिल्व्हरबॅक म्हणतात. कळपातली पिल्लं त्याचीच, असं सर्वसाधारण गृहीतक होतं. पण काही कळपांत दुसरा, त्याच्या हाताखालचा प्रौढ नरही असतो. त्याचं काय? समागम झालेला दिसला आणि साडेआठ महिन्यांनी पिल्लू झालं, तर हिशेब मांडता येई. पण दाट झाडीत प्रत्येक समागम कुणाला दिसणार?

असाच एक नर होता डिजिट. त्याचं एक बोट दुखावलेलं होतं, म्हणून हे नाव. तो डायॅनचा सगळ्यांत लाडका. १९७७ च्या शेवटच्या दिवशी चोरट्या शिकाऱ्यांशी झुंजताना तो भाल्यांनी मारला गेला. त्याचं डोकं आणि हात कापून नेण्यात आले. बाकी कळप मात्र निसटला. काही महिन्यांनी सिंबा या मादीला पिल्लू झालं. त्याचं नाव मवेलू. हे डिजिटचं, आणि त्याचं एकुलतं एक, असं डायॅनने लिहून ठेवलं. डिजिट कळपाचा प्रमुख नव्हता. प्रमुख होता अंकल बर्ट. तेव्हा हा बाईचा मायेपोटीचा अंदाज, असं कुणी म्हटलं असतं तर ते खोडून काढायला तिच्याकडे काही साधन नव्हतं.

पुढच्याच वर्षी जुलैमध्ये अंकल बर्टलाही गोळी घालून मारण्यात आलं. माचो ही मादी मेली. त्यांचं तीन वर्षांचं पिल्लू क्वेली गोळीच्या जखमेने तीन महिन्यांनी गेलं. प्रमुख गेल्यावर कळपातल्या एका तरुण नराने तान्ह्या पिल्लालाच मारलं. असे प्रसंग डायॅनने आणखीही नोंदवले आणि गोरिलांमधल्या बालहत्येवर शोधनिबंध लिहिला.

हे क्रौर्य आपल्याला कळत नाही, म्हणून थोडं थांबून समजून घेऊ. पिल्लू अंगावर पीत असतं तोवर मादी पुन्हा माजावर येत नाही. ते पिल्लू मेलं की येते. दुसऱ्या नराचं पिल्लू मारणारा नर असा स्वतःच्या संततीचा मार्ग मोकळा करतो, असा एक विचार पुढे आला. त्याची सुरुवात आपल्याजवळच झाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने धारवाडच्या परिसरात लंगूर वानरांमध्ये अशा हत्या पाहिल्या. सत्तरच्या दशकात सारा हर्डी यांनी अबूच्या डोंगरावरच्या लंगुरांवरून हा विचार मांडला. आक्षेप असा होता, की मारणारा नर त्या पिल्लाचा बाप नव्हता हे कशावरून? आणि हा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन अडला. बाप कोण, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

डिजिटच्या मृत्यूनंतर डायॅन बदलली. केंब्रिजची डॉक्टरेट तिला मिळाली होती, १९८३ मध्ये ‘गोरिलाज इन द मिस्ट’ हे पुस्तक आलं, नाव झालं. पण डोंगरावर ती संशोधक कमी आणि पहारेकरी जास्त होत गेली. फास तोडणं, गस्त घालणं इथवर ठीक. पण पकडलेल्या शिकाऱ्यांना मारहाण, मुखवटे घालून गावकऱ्यांना घाबरवणं, गुरं पकडून ठेवणं, एकदा तर शिकाऱ्याच्या मुलालाच अडकवून ठेवणं, हेही तिने केलं. डोंगराखालचा शेतकरी किती गरीब आहे, त्याच्या जमिनी कशा कमी होत चालल्या आहेत, याची कदर तिने फारशी केली नाही. स्थानिक माणसांशी ती अनेकदा तुच्छतेने वागली. सहकाऱ्यांशी खटके उडत. प्रकृतीही ढासळत होती. सिगारेटचं व्यसन सुटलं नाही आणि फुप्फुसांना एम्फिसिमाने ग्रासलं. तीन हजार मीटरवरच्या विरळ हवेत अशा छातीने चढ चढणं म्हणजे काय, हे दम्याच्या रुग्णाला विचारावं. तिच्या चांगल्या कामाबद्दल बोलताना हे झाकू नये.

२६ डिसेंबर १९८५ च्या रात्री तिच्या खोलीत घुसून कुणीतरी कोयत्याने तिच्या डोक्यावर वार केले. ती त्रेपन्न वर्षांची होती. रवांडाच्या न्यायालयाने एका अमेरिकी सहाय्यकाला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं. त्याने आरोप नाकारला आणि आजही या निकालावर अनेकांचा विश्वास नाही. तळाजवळ गोरिलांसाठी तिनेच केलेल्या स्मशानभूमीत, डिजिटच्या शेजारी, तिला पुरण्यात आलं.

नेमक्या त्याच १९८५ साली ब्रिटनमध्ये एक वेगळी गोष्ट घडत होती. लेस्टर विद्यापीठातल्या अॅलेक जेफ्रीज यांनी आदल्या वर्षी डीएनए ठशांची पद्धत शोधली होती. तिचा पहिला उपयोग झाला तो घानाहून परतलेल्या एका मुलासाठी. हा त्या बाईचा मुलगाच नाही, असा अधिकाऱ्यांचा संशय होता. चाचणीने तो तिचाच असल्याचं सिद्ध झालं आणि मुलगा आईकडे राहिला. याच सुमारास डीएनएच्या कणभर अंशाच्या कोट्यवधी प्रती काढणारी पीसीआर पद्धतही पुढे आली. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली, तीच ही पीसीआर.

आता हे रानात कसं वापरायचं? दोनशे किलोच्या आसपास जाणाऱ्या सिल्व्हरबॅकचं रक्त कोण काढणार? बेशुद्धीचं इंजेक्शन डागलं तर कळप उधळतो, जिवालाही धोका. शिवाय माणसाचे सर्दी-खोकल्याचे विषाणू गोरिलाला मारू शकतात, म्हणून आज पर्यटकांनाही मास्क लावून अंतर राखावं लागतं. उत्तर सापडलं ते लीदेत. आतड्यातून विष्ठा पुढे सरकताना आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तिला चिकटून बाहेर पडतात. ताज्या लीदेचा लहानसा तुकडा उचलून अल्कोहोलमध्ये ठेवला किंवा वाळवला, की त्यातून त्या प्राण्याचा डीएनए मिळवता येतो. त्याला बोटही लावावं लागत नाही.

पुढचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा. डीएनएत ठरावीक जागी काही अक्षरांची पुनरावृत्ती असते. किती वेळा, हा आकडा प्रत्येकाचा वेगळा. प्रत्येक जागी दोन आकडे, एक आईकडून, एक बापाकडून. समजा पिल्लाचे आकडे १२ आणि १५ आहेत आणि आईचे १२ आणि १४. मग १५ हा बापाकडूनच आला. ज्या नराकडे त्या जागी १५ नाही, तो बाद. अशा अनेक जागा तपासल्या की शेवटी एकच नर उरतो.

हिशेब सोपा, पण नमुना कठीण. लीदेत गोरिलाचा डीएनए थोडा आणि जिवाणूंचा, झाडपाल्याचा अमाप. डीएनए अपुरा असला की दोनपैकी एकच आकडा उमटतो आणि १२-१५ चा प्राणी १२-१२ चा दिसू लागतो. मग खरा बापही बाद होतो. हे निव्वळ पुस्तकी भय नाही. १९९७ मध्ये ‘नेचर’ या प्रख्यात नियतकालिकात पश्चिम आफ्रिकेतल्या ताई जंगलातल्या चिंपांझींवर एक निबंध आला. गळून पडलेल्या केसांच्या डीएनएवरून त्यात म्हटलं होतं, की तेरापैकी सात पिल्लांचे बाप कळपाबाहेरचे आहेत. माद्या गुपचूप शेजारच्या कळपात जाऊन येतात, अशी बातमी जगभर झाली. पुढे चांगल्या नमुन्यांवर, पुन्हा पुन्हा तपासणी केली तेव्हा बहुतेक पिल्लांचे बाप कळपातलेच निघाले. २००१ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. चूक प्रयोगशाळेची होती, बदनामी मात्र माद्यांची झाली. चिंपांझीला वर्तमानपत्र वाचता येत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

आणि दुसरी गोष्ट. डीएनए कितीही स्पष्ट आला, तरी ही लीद कोणाची हे ठाऊक नसेल तर त्या आकड्यांना अर्थ नाही. आमच्या रुग्णालयात बाटलीवरचं लेबल चुकलं की उत्तम यंत्राचा अहवालही कचऱ्यात जातो, तसंच. हे लेबल लावण्याची विद्या कारिसोकेकडे होती. डायॅन गेल्यावरही तिथले संशोधक आणि स्थानिक वाटाडे त्याच पद्धतीने नावानिशी नोंदी ठेवत राहिले. १९९४ च्या नरसंहारात रवांडात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली आणि कारिसोकेचा तळ उद्ध्वस्त झाला. तरीही ते वाटाडे परत डोंगरावर गेले. ज्यांना डायॅनने फारसा मान दिला नव्हता, त्याच समाजातल्या माणसांनी तिचं काम जिवंत ठेवलं.

२००५ मध्ये ब्रेंडा ब्रॅडली, लिंडा व्हिजिलंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल जाहीर केला. विरुंगातल्या ९२ गोरिलांचा, म्हणजे तिथल्या जवळजवळ एक चतुर्थांश गोरिलांचा, डीएनए त्यांनी तपासला होता. चार कळपांत १९८५ ते १९९९ या काळात जन्मलेल्या ४८ पिल्लांचे बाप त्यांनी शोधले. सगळे बाप कळपातलेच होते. पण सगळी पिल्लं प्रमुखाची नव्हती. सरासरी १५ टक्के पिल्लं दुसऱ्या क्रमांकाच्या नराची निघाली. प्रमुखाची सत्ता वाटते तितकी एकहाती नसते. डायॅनने डिजिटला, हाताखालच्या नराला, मवेलूचा बाप ठरवलं होतं. ती विशिष्ट नोंद या अभ्यासाने तपासली गेली नाही, पण असं घडू शकतं, नव्हे घडतं, हे सिद्ध झालं. लंगुरांच्या बाबतीत १९९९ मध्येच नेपाळमधल्या रामनगर इथल्या अभ्यासाने दाखवलं होतं, की पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते.

मला मात्र यापुढचा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. बाप कोण हे कळल्यावर संशोधकांनी कारिसोकेतल्याच नोंदींवरून तपासलं, की कळपातला नर स्वतःच्या पिल्लांकडे जास्त लक्ष देतो का. २०१५ मध्ये उत्तर आलं, नाही. कोणता नर पिल्लांबरोबर किती राहतो हे त्याच्या कळपातल्या स्थानावर ठरतं, रक्ताच्या नात्यावर नाही. कळपातलं पिल्लू म्हणजे आपलं पिल्लू, इतकाच त्याचा हिशेब. २०२१ मध्ये पन्नासहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आई गेलेल्या पोरक्या पिल्लांची बाकीच्यांशी जवळीक वाढते, विशेषतः प्रमुख नराशी, असं त्यात दिसलं. पाठीवर रुपेरी केस असलेला तो धिप्पाड नर आपल्या अंथरुणात त्यांना जागा देतो. ज्या मुलीला सावत्र बापाच्या मेजावर जागा नव्हती, तिने सुरू केलेल्या वह्यांतून हे निघालं.

१९८१ च्या गणनेत विरुंगात सुमारे २५४ गोरिला उरले होते. विसाव्या शतकातच ते संपतील, अशी डायॅनची भीती होती. २०१५-१६ च्या गणनेत तिथे ६०४ मोजले गेले. युगांडातल्या ब्विंडीचे धरून आता पर्वतीय गोरिलांची संख्या हजारावर आहे. यात पशुवैद्यांचा, पहारेकऱ्यांचा आणि तिने ज्याला विरोध केला त्या पर्यटनाच्या पैशाचाही वाटा आहे.

आपल्याकडे आता पितृत्वाच्या डीएनए चाचणीच्या जाहिराती मोबाइलवर येतात. नमुना पाठवा, अहवाल घ्या. माझा सल्ला विचाराल तर संशयाच्या भरात या वाटेला जाऊ नका. रक्तगटावरून तर्क करू नका, चेहरेपट्टीवरून तर नकोच. विवाहबंधनात जन्मलेलं मूल हे त्या दांपत्याचंच, असं आपला कायदा गृहीत धरतो. ऊठसूट डीएनए चाचणीचे आदेश देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानेही वेळोवेळी बजावलं आहे. खरंच गरज असेल तर ती चाचणी न्यायालयाच्या मार्गाने, नमुन्याची ओळख पक्की करून, नीट प्रयोगशाळेत व्हावी. आणि ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते, हे आधीच समजून घ्यावं. मूल कोणाच्या खांद्यावर झोपतं, याचं उत्तर कोणत्याही अहवालात येत नाही.

ते तीन कागद घेऊन आलेल्या माणसाला मी हे सगळं सांगत नाही. चार चौकटी काढून दाखवल्या की म्हणतो, बाळाला आत घेऊन या, आलाच आहात तर वजन करू आणि लसीचं कार्ड बघू. तो बाहेर जातो. बहुतेक वेळा परत येताना बाळ त्याच्याच कडेवर असतं.